खिडकीजवळचं मशीन

दोघी जावांचं पोट एकाच सुईवर चालत होतं.

थोरली विधवा होती. नवरा तापानं गेला तेव्हा पदरात मूल नव्हतं आणि माहेरी दार उघडायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती दिराच्याच घरात राहिली. लोक म्हणायचे, दिरानं वहिनीला सांभाळलं. खरं म्हणजे तिनंच दिराला सांभाळलं होतं. तो गोदामावर हमाल. माल आला तर काम, नाही तर उंबऱ्यावर बसून गावच्या उठाठेवी. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता यायचा, बाकी आनंदच. पहिल्या दिवशी तिनं वावभर दोरा तोडून घेतला, तेव्हा थोरली म्हणाली, “एवढा कशाला? प्रत्येक टाक्याला माहेरी जाऊन येणार आहेस का?” धाकटी अशी खळखळून हसली की थोरलीचा तिच्यावर तिथंच जीव जडला. नंतर धाकटीला मुलगी झाली. ती पोर थोरलीच्याच मांडीवर वाढली. आईला ‘आई’ म्हणायची आणि थोरलीला ‘मोठी आई’, आणि रडायला लागली की दोघींतल्या कुणाकडे जायचं हे तिचं तीच ठरवायची.

दोघी शर्टाच्या मालकाकडे कामाला जायच्या. खाली दुकान, तिथं कापणारा कापड कापायचा. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तिथं बायका शिवायच्या. रस्त्याच्या बाजूनं एकच मोठी खिडकी, बाकी भिंती. खिडकीजवळची जागा थोरलीची, कारण कॉलर तिच्याकडे असायची. तिची टीप बघून कापणारा म्हणायचा, मुंग्यासुद्धा एवढ्या सरळ चालत नाहीत. धाकटी तिच्या शेजारी बसून बाह्या लावायची. त्या खोलीत जसे हात चालायचे तशी तोंडं चालायची. कुणाची सासू, कुणाचा पिणारा नवरा, कुणाचं घर सोडून गेलेलं पोर, सगळं त्या शर्टांच्या शिवणीत जायचं. दिवसाला एक शर्ट झाला तरी बाई हुशार म्हणायची. पैसा बेताचाच मिळायचा, पण संध्याकाळी घरी जाताना मन हलकं झालेलं असायचं.

मग मशिनं आली. ती जिन्यावरून वर चढवायला मालकानं गोदामाचे हमाल बोलावले, आणि त्यांच्यात थोरलीचा दीरही होता. खांद्यावर लोखंड, कपाळावर घाम. जाताजाता बायकोकडे बघून त्यानं डोळा मिचकावला. त्या दिवशीची मजुरी चांगली मिळाली म्हणून रात्री तो खुशीत जेवला.

मशीन लावायला एक माणूस आला होता. त्यानं एक मशीन उघडून सगळ्यांना दाखवलं. धाकटी वाकून वाकून बघत होती.

“अक्का, सुईचं नेढं टोकाला आहे,” ती थोरलीला म्हणाली.

तो माणूस खूश झाला. “बरोबर बघितलंत. सगळी गोम तिथंच आहे. आधी ज्यानं त्यानं हाताची नक्कल करायचा प्रयत्न केला. सुई अख्खी आत, मग अख्खी बाहेर. लोखंडाला ते कुठं जमणार? मग कुणीतरी हात विसरला. नेढं टोकाला आणलं. वरून एक दोरा, खालून एक दोरा, दोघांची कापडाच्या पोटात गाठ.”

“ज्यानं केलं त्याला शिवता येत होतं का?” थोरलीनं विचारलं.

“ते काही माहीत नाही. पण एका शहरात शिंप्यांनी असल्या मशिनांचा चुराडा केला म्हणे. करणाऱ्याला जीव घेऊन पळावं लागलं.”

खोलीतली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला सगळे आजी म्हणायचे, तिनं खालचा, पायानं दाबून चालवायचा पायटा बघितला आणि म्हणाली, “पोटावर पाय येतो म्हणतात तो हाच होय.” बायका हसल्या. मालकही हसला, आणि हसताहसता त्यानं सांगून टाकलं की शिकेल तिला मशीन, न शिकेल तिला काज-बटण, आणि तेही जागा उरली तर.

आजी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. हळूहळू निम्म्या बायका गेल्या. धाकटी चार-आठ दिवसांत शिकली. थोरली मशीनवर बसली नाही.

“माझे हात काही अजून लाकडाचे झाले नाहीत,” ती म्हणाली.

“अक्का, हट्ट कशाला? तुम्ही माझ्यापेक्षा लवकर शिकाल.”

“तू बस. मी करते काज.”

काज अजून हातानंच व्हायचे. शिवणीचा दर कोसळला होता, काजांचा तर विचारूच नका. खिडकीजवळ मशीन बसलं, कारण मशीनला उजेड हवा. ते धाकटीला मिळालं. थोरली आतल्या कोपऱ्यात गेली. जिला तिनं सुई धरायला शिकवलं तिचेच शर्ट आता काजांसाठी तिच्या पुढ्यात येऊन पडायचे. धाकटी बिचारी शर्ट द्यायला स्वतः उठून यायची, फेकायची नाही. पण मालकाला तो वेळही दिसायला लागला, आणि मग तीही बसल्या जागेवरून फेकायला लागली.

पहिल्या महिन्यात धाकटीला वाटलं होतं, शर्ट एवढ्या लवकर होतोय म्हणजे आता उन्हं असतानाच घरी जाता येईल. पोरीची वेणी घालता येईल. तसलं काही झालं नाही. दिवसाचा एक शर्ट होता तिथं चार झाले, चारांचे सहा झाले. वाचलेला वेळ गेला कुठं ते कुणालाच कळलं नाही. मालकाला तेवढं कळलं असावं. त्यात त्यानं फौजेच्या शर्टांचं काम घेतलं. जाड कापड, खांद्यावर दुहेरी पट्टी. खोलीत एवढा खडखडाट की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सासूची गाऱ्हाणी कोण सांगणार? बायका गप्प झाल्या. संध्याकाळी रस्त्यानं जातानाही दोघी जावा गप्पच चालायच्या. धाकटीच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. थोरली घरी गेल्यावर तिचे पाय चेपून द्यायची, आणि पोर मधे घुसून म्हणायची, “माझेपण.”

फौजेचा माल उचलायचा दिवस जवळ आला होता तेव्हा ते झालं. कॉलर जिथं खांद्याला मिळते तिथं कापडाचे थर खूप. सुई अडत होती. धाकटीनं डाव्या हाताच्या बोटानं कापड पुढं रेटलं आणि पायटा जोरात मारला. सुई कापडातून गेली नाही, वाकली, आणि तिच्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. चाक अजून फिरत होतं. सुई आतच मोडली.

ती ओरडली असेल, पण खोलीत कुणाला ऐकू आलं नाही. थोरलीनं मान वर केली ती भलत्याच कारणानं. पुढ्यात शर्ट येऊन पडायला उशीर का झाला म्हणून. बघते तर धाकटी मशीनवर डोकं टेकून बसलेली, हात सुईच्या खालीच.

मोडलेला तुकडा निघाला असं सगळ्यांना वाटलं होतं. सगळा निघाला नव्हता. आठवड्यानं बोट काळंनिळं झालं, मग हात कोपरापर्यंत सुजला. धाकटी तापानं फणफणत होती. तशातच तिनं थोरलीचा पदर धरला.

“अक्का, तुम्ही बसा माझ्या जागेवर. मालक दुसरीला देतील. मी बरी होईपर्यंत बसा.”

“मला कुठं येतंय ते.”

“येईल. पाय आणि हात वेगळे समजू नका. तेवढंच. बाकी तुम्हाला सगळं येतंय.”

म्हणून थोरली बसली. मनापासून बसली, म्हणजे धाकटीसाठीच बसली. याबद्दल तिला पुढंही कधी शंका आली नाही. पहिले दोन दिवस दोरा तुटून तुटून जीव नकोसा झाला. चाक उलटं फिरायचं, टीप गुंतायची, मालक मागं उभा राहून नुसता श्वास सोडायचा. तिसऱ्या दिवशी काहीतरी सुटलं. पाय आपोआप पडायला लागला. बाहीची लांब शिवण होती. तिनं कापड लावलं, आणि ती शिवण हाताखालून अशी पाण्यासारखी निघून गेली, सरळ, एकसारखी, तिच्या उभ्या जन्मातल्या सगळ्यात चांगल्या टिपेपेक्षा सरळ. तिनं ती उलटून बघितली. बोट फिरवून बघितली. मग दुसरी बाही घेतली. त्या दिवशी दुपारी भाकरीची वेळ झाली तरी ती उठली नाही. शेजारणीनं खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. तिच्या ध्यानात आलं की आपल्याला आनंद झालाय, आणि आपण कुणाच्या जागेवर बसलोय.

घरी गेल्यावर धाकटीनं विचारलं, “जमतंय का अक्का?”

“कसलं जमतंय,” थोरली म्हणाली. “तू कशी करत होतीस देव जाणे.”

ती धाकटीशी खोटं बोलली ती ही पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी शेवटी बोट काढलं. मुळापासून काढलं. हात वाचला, पण उरलेली बोटं ताठरली, मूठ पुरती मिटेना. धाकटी उठून बसायला लागली, मग घरातलं काम करायला लागली, आणि एका सकाळी केस विंचरून, फडक्यात भाकरी बांधून थोरलीच्या आधी दारात उभी राहिली.

“आज मी येते.”

वाटेत ती भरभरून बोलली. ताप गेला होता, हवा चांगली होती, आपण परत कामाला चाललोय याचाच तिला हर्ष झाला होता. थोरली हं हं करत होती. जिना चढून वर गेल्यावर दोघी खिडकीपाशी थांबल्या. स्टूल रिकामं होतं. दोघींपैकी कुणी बसेना.

मालक आला. त्यानं धाकटीचा हात धरून उलटासुलटा बघितला, बाजारात वांगी बघतात तसा.

“याच्यानं मशीन नाही व्हायचं.”

“होईल मालक. उजवा चांगला आहे. डाव्याला फक्त कापड सरकवायचं.”

“फक्त सरकवताना काय झालं ते बघितलं ना?” तो फार वाईट माणूस नव्हता, आवाज चढवलेला नव्हता. “हे बघा बाई, तुमची जाऊ तुमच्यापेक्षा दीडपट काम काढते. मला तुमचं वाईट वाटतं. बटणं लावा. घरचा पैसा घरातच राहतोय, कुणी बसलं तरी काय फरक पडतो?”

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. तिची नजर काही मागणी करणारी नव्हती. अक्का आता बोलतील, एवढाच भरवसा होता त्यात. थोरली बोलणारच होती. मी उठते, तिला दोन दिवस बसवून बघा, नाही जमलं तर मी आहेच. एवढी वाक्यं तिच्या मनात तयार होती. ती पुढं झाली आणि स्टुलावर बसली.

“तोवर बटणं लाव गं,” ती म्हणाली. “मग बघू.”

तिनं पायटा दाबला. आवाज सुरू झाल्यावर पुढं काही बोलायची सोयच उरली नाही.

धाकटी कोपऱ्यात बसून बटणं लावायची. ताठरलेल्या बोटांत कापड धरलं जात नव्हतं. बटणं सैल राहायची, शर्ट परत यायचे. थोरली घरी आणून ती उसवून पुन्हा लावून द्यायची आणि तेवढ्यानं आपण काहीतरी करतोय असं स्वतःला समजवायची. पंधरा दिवसांनी मालकानं धाकटीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या रात्री दीर जेवणावरून उठला.

“वहिनी, एक विचारू? तुम्ही एकदा तरी म्हणालात का त्याला, की तिला बसू दे?”

थोरली ताटातली भाकरी मोडत राहिली.

“बोला की. मी काही अंगावर येत नाही तुमच्या.”

“तिच्या हातानं झालं नसतं, भावजी.”

“ते मी विचारलंच नाही.”

“जाऊ द्या हो,” धाकटी म्हणाली. “अक्कांचा पगार घरातच येतोय ना.” तिनं हे नवऱ्याला शांत करायला म्हटलं, पण मालकाचेच शब्द तिच्या तोंडून आले आणि थोरलीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडलेली माणसं पुन्हा बोलतात तरी. चुली वेगळ्या झाल्या, एकाच खोलीत दोन. मग पोरीला कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती थोरलीच्या चुलीपाशी येऊन बसेनाशी झाली. एक दिवस थोरली कामावरून आली तर निम्मी खोली रिकामी होती. भिंतीला फक्त त्यांच्या चुलीचा काळा डाग होता. शेजारीण म्हणाली, गोदामाच्या पलीकडे खोली घेतली त्यांनी, तुम्हाला बोलले नाहीत का?

त्यानंतर थोरली काम करत राहिली. दुसरं काय करणार? खिडकीजवळच्या मशीनवर तिची वर्षं गेली. काज करायचंही मशीन आलं, कोपऱ्यातल्या बायकाही गेल्या. शर्ट एवढे स्वस्त झाले की ते उचलणारे हमाल तेच शर्ट घालून येऊ लागले. थोरलीच्याही अंगावर नवं कापड आलं. पण कंबर वाकली, गुडघे धरले, आणि घरी आल्यावर खोलीत बोलायला कुणी नसल्यामुळे ती कधीकधी दिवसभरात एकही शब्द न बोलता झोपायची. तो पहिल्या दिवसांतला आनंद कधीच संपला होता. संपला कधी, तेही तिला सांगता आलं नसतं. धाकटीची खबर तिला इकडून-तिकडून मिळायची. धुणी धुते. दिराच्या पाठीत काहीतरी मोडलं, आता ओझं उचलत नाही.

एका दुपारी जिन्यावर कुणाची तरी चाहूल लागली. धाकटी दारात उभी होती. केस पिकले होते, डावा हात पदराखाली. मागं पोर होती. पोर कसली, चांगली उंच झाली होती, पण चेहरा अजून लहान होता. थोरली उठून जिन्यावर गेली.

“बरं आहे ना?” धाकटीनं विचारलं.

“आहे. भावजी?”

“पडून असतात.” ती थोडी थांबली. “अक्का, एक मागायला आले. हिला इथं चिकटवा. मशीन शिकेल. तुमचं ऐकतात मालक.”

थोरलीनं पोरीकडे बघितलं. पोर तिच्याकडे बघत नव्हती, दाराच्या आत मशिनं बघत होती. हात दाराच्या चौकटीवर होता. लांब, सडपातळ बोटं, धाकटीची होती तशी.

“इथं नको,” थोरली म्हणाली.

“का?”

“नको म्हणते ना. दुसरं काहीतरी बघ. धुण्याला ने तुझ्याबरोबर. मी पैसे देते थोडे, दर महिन्याला देत जाईन. पण इथं नको आणूस हिला.”

धाकटीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आजवर ती थोरलीला कधी उलट शब्द बोलली नव्हती.

“माझी जागा घेतलीत तेव्हा मी काही बोलले नाही. म्हटलं, घरातच आहे. आता पोरीलाही जागा द्यायची नाही?”

“तसं नाही गं. तू तुझा हात बघ की.”

“माझा हात मी रोज बघते, अक्का.”

थोरलीला पुष्कळ बोलायचं होतं. आपण कसं बसलो, का उठलो नाही, ही खोली माणसाचं काय करते, सगळं. पण आत मशिनं चालू होती आणि जिन्यावर उभं राहून ओरडून सांगण्यासारखं त्यातलं काही नव्हतं. शिवाय तिला ठाऊक होतं की आपल्या तोंडून ते कुणालाच खरं वाटणार नाही. धाकटीनं तिच्या बाजूनं अंग चोरून वाट काढली, पोरीला हाताला धरलं आणि ती सरळ मालकापाशी गेली. मालकाला कोवळी पोर हवीच होती; कोवळी बोटं भरभर चालतात, आणि मजुरी निम्मी. दोन वाक्यांत काम झालं. जाताना धाकटी थोरलीपाशी थांबली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोर मागच्या रांगेत बसायला लागली. आईनं बजावून पाठवलं असणार, कारण ती थोरलीकडे मान वळवायची नाही. थोरली शिवताशिवता बघायची. पोर चपळ होती. कापड रेटताना बोट सुईच्या फार जवळ न्यायची.

चौथ्या दिवशी पोरीचा दोरा तुटला. ती दोनदा ओवायला गेली, दोन्ही वेळा चुकीच्या बाजूनं. शेजारणीनं बघितलं आणि आपला पायटा चालू ठेवला. पोरीचे डोळे भरून आले. थोरली उठली. तिचं मशीन थांबलेलं मालकाला ऐकू आलं, त्यानं टेबलावरून मान वर केली. ती मागच्या रांगेत गेली, वाकली, दोरा ओवून दिला, आणि पोरीचं बोट धरून कापडावर जरा मागं ठेवलं.

“एवढं अंतर,” ती तिच्या कानाशी म्हणाली. “जाड थर आला की पाय उचलायचा. चाक हातानं फिरवायचं. मालक ओरडला तरी हातानंच.”

पोरीनं वर बघितलं नाही.

“कळलं का?”

पोरीनं मान डोलावली. मालकानं टेबलावर पट्टी आपटली. थोरली कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि आपल्या जागेवर परत गेली.